‘आधी चालू करा, मग बघू’ला उत्तर

भिवंडीजवळच्या टेमघर-राजनोली पट्ट्यात गोदामांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी एक छोटी कंपनी आहे. नाव घेत नाही, कारण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. गाडी कधी आत आली, किती बॉक्स उतरले, माल कुठल्या गाळ्यात ठेवला, बिल्टी कोणाची, भाडं किती थकलं, हे सगळं तिच्या सॉफ्टवेअरवर चालतं. मालकांना टीममधली मुलं शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. मध्यंतरी एका बैठकीत शेठनी आपलं मत मांडलं. ‘कोड तपासणं, सुरक्षा वगैरे हे पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे लाड. आपल्याला गिऱ्हाईक पैसे देतं ते सॉफ्टवेअर चालतं म्हणून. आधी चालू करा, मग बघू. आणि इथे टेमघरात येऊन आपल्यामागे लागणार कोण?’ बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. त्यात इंजिनिअर झालेली, टीम सांभाळणारी माणसंही होती. उत्तर लेखी द्यावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे.

शेठच्या म्हणण्यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. गोदामवाला सॉफ्टवेअरचा भाव भाजीसारखा पाडून मागतो. कष्टाने तयार केलेला मुलगा वर्षभरात ऐरोली नाहीतर हिंजवडीला निघून जातो. ‘कोड सुरक्षित आहे’ या ओळीचे वेगळे पैसे बिलात लावता येत नाहीत. ही अडचण खोटी नाही. शेठ तिच्यातून जो निष्कर्ष काढतात तो मात्र साफ चुकीचा आहे.

‘आपल्यामागे लागणार कोण’ इथपासून सुरुवात करतो, कारण याचं उत्तर भिवंडीच्या दारातच घडून गेलेलं आहे. २७ जून २०१७ रोजी जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं संगणकीकृत कामकाज बंद पडलं. टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं आणि जगभर मर्स्कचे संगणक त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने काळे केले होते. इथे कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. भिवंडीच्या गोदामांत येणारा परदेशी माल कुठून येतो हे शेठना मी सांगायला नको.

हा प्रोग्राम शिरला कुठून? युक्रेनच्या राजधानीतल्या, एका कुटुंबाने चालवलेल्या कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. ‘एम.ई.डॉक’ त्याचं नाव. कर भरण्यासाठी तिथले व्यापारी ते वापरत, जसं आपल्याकडे टॅली वापरतात. हल्लेखोर या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरवर शिरले आणि त्यांनी अपडेटमध्येच चोरवाट बसवली. गिऱ्हाइकांनी सॉफ्टवेअर इमानदारीने अपडेट केलं आणि सोबत ते संकटही घरात घेतलं. मर्स्कला नंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. त्यांच्या जगभरच्या यंत्रणेची एक महत्त्वाची प्रत वाचली ती घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. वीज गेल्याने कोणाचं भलं झालं असं उदाहरण भिवंडीकराला क्वचितच ऐकायला मिळतं, म्हणून सांगितलं.

त्या छोट्या कंपनीशी कोणाचं वैर नव्हतं. हल्लेखोरांना युक्रेन हवं होतं, आणि हजारो कार्यालयांत एकदम शिरायची वाट म्हणून ही कंपनी सापडली. म्हणजे शेठचा प्रश्नच उलटा करायला हवा. तुमच्यामागे कोणी लागणार नाही, हे कबूल. पण तुमच्या गिऱ्हाइकांमागे लागणारे आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या गोदामाची किल्ली तुमच्याकडे आहे. तुमच्या गिऱ्हाइकांत बड्या ऑनलाइन दुकानांचे पुरवठादार आहेत, औषधांचे वितरक आहेत. बड्या दुकानाच्या दारावर पहारा असतो. तुमच्या दारावर ‘आधी चालू करा’ लिहिलेलं आहे.

२०१७ हे फार जुनं वाटत असेल तर २०२४ घ्या. ३१ जुलै २०२४ रोजी देशाची पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला त्या व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाल्याने सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे पैशांचे व्यवहार थांबले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर जे विश्लेषण दिलं त्यानुसार सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरवरून झाली होती, आणि तो नीट बंदिस्त केलेला नव्हता. जेन्किन्स म्हणजे मुलांनी लिहिलेला कोड गोळा करून, जुळवून लाइव्ह सर्व्हरवर चढवणारं साधन. बँकेची तिजोरी, एटीएम, खातेदाराचा पासवर्ड या कशालाच पहिला हात लागलेला नव्हता. हात लागला तो सॉफ्टवेअर तयार होतं त्या खोलीला. शेठच्या ऑफिसातही अशी एक मशीन कोपऱ्यात चालू असते. तिचा पासवर्ड काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, पण बैठकीतल्या निम्म्या लोकांना तो माहीत होता.

आणि टेमघरात आहे काय, हा प्रश्न निदान टेमघरच्या माणसाने तरी विचारू नये. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचललं जातं, टेमघरला शुद्ध होतं आणि तिथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे आणि तालुक्यातल्या गावांकडे जातं. इथल्या केंद्राच्या यंत्रणेबद्दल मी काहीही सुचवत नाही. पण अशा केंद्रांची सॉफ्टवेअर जगभर कंत्राटदारच बसवून देतात. ऑस्ट्रेलियात मरूची शायर या भागात सांडपाण्याच्या पंपांची नियंत्रण यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतला एक माणूस नोकरी सोडून गेला. नगर परिषदेने त्याला कामावर घेतलं नाही, तेव्हा २००० साली त्याने रेडिओवरून पंपांना खोटे आदेश पाठवायला सुरुवात केली. सुमारे आठ लाख लिटर मैला नाल्यांत, बागांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरला. आदेश खरोखर ऑफिसातून आला आहे का, हे तपासायची सोय त्या यंत्रणेत नव्हती. त्या माणसाला दोन वर्षांची शिक्षा झाली. आता शेठनी स्वतःला विचारावं, गेल्या दिवाळीत ऐरोलीला गेलेल्या मुलाचा लॉगिन बंद केला का? मुलं टिकत नाहीत ही शेठची तक्रार आहे. मुलं टिकत नसतील तर किल्ल्या परत घ्यायची शिस्त जास्त लागते, कमी नाही.

आता ‘वेळ नाही’. शेठच्या मते कोड दुसऱ्याने वाचायचा, चाचण्या लिहायच्या, एक चाचणी पडली की काम थांबवायचं, म्हणजे उत्पादन घटणार. हा युक्तिवाद लूमच्या गावात केला जावा याची मला खरी गंमत वाटते. भिवंडीच्या साध्या लूमवर आडवा धागा तुटला की लूम सहसा आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर मात्र कारागिराची नजर लागते. नजर चुकली तर कापडात लांबवर रेघ जाते आणि त्या ताग्याचा भाव पडतो. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित लूम आणला तो धागा तुटला की स्वतःहून थांबे. शेठचा हिशेब लावला तर अशा लूमवर कापड कमी निघायला हवं होतं. झालं उलटं. प्रत्येक लूमपाशी डोळे लावून उभं राहायची गरज संपली आणि एक कामगार पुष्कळ लूम सांभाळू लागला. या लूमचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ साली करार करून घेतले, आणि तेव्हा लूम बनवण्यात इंग्लंड जगाचा गुरू समजला जात होता. चूक दिसताच थांबायची हीच रीत तोयोदांच्या घराण्याने पुढे मोटारींच्या कारखान्यात नेली. तिथे साधा कामगारही दोरी ओढून अख्खी रांग थांबवू शकतो. चाचणी पडली की कोड पुढे जाऊ द्यायचा नाही, ही सॉफ्टवेअरमधली पद्धत याच घराण्यातली आहे. म्हणजे ज्याला शेठ बंगळुरूचे लाड म्हणतात ते निघालं विणकराच्या खात्यातून.

न थांबण्याचा हिशेबही बघू. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीला आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. सात झाले, एक राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड पडून होता, तो १ ऑगस्टला जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर गेले आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकी बाजार नियामकाच्या आदेशात एक साधी नोंद आहे, की हे काम झाल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने ते पाहिलं नव्हतं. सर्व्हर आठच होते. पाहायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता.

इथे सुरक्षावाल्यांच्या एका सवयीवरही बोललं पाहिजे. डिझाइनच्या वेळी एक रुपयात सुटणारी चूक लाइव्ह झाल्यावर १०० रुपयांना पडते, असा तक्ता त्यांच्या प्रत्येक सादरीकरणात असतो आणि खाली आयबीएमच्या एका संस्थेचं नाव असतं. त्या तक्त्यामागचा मूळ अभ्यास शोधणाऱ्यांना तो सापडलेला नाही. असले आकडे फेकून शेठना घाबरवायला जाल तर ते हसतील, आणि त्यांचं हसणं योग्य ठरेल. आधार हवा असेल तर निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांचं २०१८ चं काम पाहावं. हजारो टीमकडून माहिती घेऊन त्यांनी दाखवलं की जे वारंवार आणि लवकर कोड लाइव्ह करतात त्यांच्याकडेच बिघाड कमी होतात आणि झालेले बिघाड लवकर दुरुस्त होतात. वेग आणि भरवसा एकाच घरात नांदताना दिसतात. कारण सरळ आहे. लहान बदल वाचायला सोपा असतो, आणि चुकला तर मागे घ्यायलाही सोपा.

बैठकीतल्या एका शिकलेल्या माणसाने मधला मार्ग सुचवला होता. वर्षातून एकदा ऑडिट करून घेऊ, एखादं चांगलं सुरक्षा सॉफ्टवेअर विकत घेऊ, म्हणजे मुलांच्या डोक्याला ताप नको. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, म्हणून शेठच्या मतापेक्षा मला हे जास्त घातक वाटतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या नामांकित कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरनेच जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते त्याच दिवशी. कारण काय, तर नव्या अपडेटला २१ गोष्टींची अपेक्षा होती आणि प्रोग्राम २० च पुरवत होता. विसाव्यापुढे हात घातला तिथे काही नव्हतं. ही चूक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. आणि ते अपडेट आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याऐवजी सगळ्यांना एकदम गेलं. राखणदार विकत घेता येतो, पण राखणदाराचा कोडही कोणीतरी मुलंच लिहितात.

यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. समजा, गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका व्यापाऱ्याने स्वतःचं बिल उघडलं. वर पत्त्याच्या ओळीत बिलाचा क्रमांक दिसतो. त्यातला शेवटचा आकडा एकने वाढवला आणि दुसऱ्या व्यापाऱ्याचं बिल समोर आलं, मालाच्या भावासकट. ही चूक इतकी जगजाहीर आहे की सॉफ्टवेअर सुरक्षेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या ओवास्पच्या २०२१ च्या यादीत या जातीच्या चुका पहिल्या क्रमांकावर आहेत. तपासणीच्या यंत्राला ही चूक सहसा दिसत नाही, कारण त्याच्या लेखी बिल व्यवस्थित उघडलं. ते बिल कोणी पाहायचं नाही, हे ज्याला धंदा कळतो त्यालाच कळतं. आणि हा धंदा बंगळुरूच्या ऑडिटरपेक्षा गाळ्यात उभं राहून बॉक्स मोजलेल्या तुमच्या मुलाला कितीतरी जास्त कळतो. टीम लहान असणं ही इथे जमेची बाजू आहे. चार माणसांच्या टीममध्ये प्रत्येक ओळ लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकाने वाचलेली असू शकते. चार हजारांच्या कंपनीला त्यासाठी विभाग उघडावा लागतो.

‘आता एआय लिहितो, मग वाचायचं कशाला’ असंही कानावर आलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली गिटहबच्या कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआयकडून सुरक्षेच्या दृष्टीने अवघड प्रसंगांसाठी हजाराहून अधिक प्रोग्राम लिहवून घेतले. त्यातले सुमारे ४० टक्के कच्चे निघाले. साधनं त्यानंतर सुधारली आहेत. पण जो कोड कोणी विचार करून लिहिलेला नाही तो कोणी विचार करून वाचायचाही नाही, असं ठरवणं म्हणजे ट्रकला ड्रायव्हर नाही म्हणून क्लीनरलाही उतरवण्यासारखं आहे.

कोड वाचण्याबद्दल टीममध्ये जे प्रत्यक्ष घडतं त्यावर थोडं सांगतो, कारण हे प्रकरण पैशापेक्षा स्वभावाचं आहे. मुलगा कोड पाठवतो, सीनियर वर्ग ‘ठीक आहे’ लिहून मोकळा होतो. हजार ओळी असल्या तर पाच सेकंदांत ‘ठीक आहे’, दहा ओळी असल्या तर ओळीत जागा किती सोडायची यावरून वाद. दोन्ही बिनकामाचं. वाचणाऱ्याने प्रश्न विचारायचे असतात. हा आकडा बाहेरून आला तर तो आपण तपासतो का? गिऱ्हाइकाने नावाच्या जागी भलतंच काही टाइप केलं तर ते थेट डेटाबेसला आदेश म्हणून जाईल का? डेटाबेसला असा चोरून आदेश द्यायची युक्ती १९९८ पासून छापून आलेली आहे आणि तिच्यावरचा उपायही तेवढाच जुना आणि फुकट आहे. तरीही ती आज नव्याने लिहिलेल्या कोडमध्ये सापडते. मुलं बुद्धू आहेत म्हणून हे घडत नाही. कोणी विचारत नाही म्हणून घडतं. आणि ज्या ऑफिसात चूक दाखवणाऱ्याला ‘तू काम लांबवतोस’ असं सुनावलं जातं तिथे पुढच्या वेळी कोणी चूक दाखवत नाही.

शेठचा ‘लाड’ हा शब्द मायक्रोसॉफ्टने फार पूर्वी गिळलेला आहे. लागोपाठच्या व्हायरसनी अब्रू गेल्यावर १५ जानेवारी २००२ ला बिल गेट्स यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कळवलं, की नवी सोय आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. त्यानंतर विंडोजचं नवं काम काही आठवडे थांबवून हजारो प्रोग्रामरना स्वतःचाच कोड पुन्हा वाचायला बसवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे परवडलं, असं शेठ म्हणतील. मी म्हणतो, तिला ते इतकं महाग पडलं कारण तिने ‘मग बघू’ म्हणत वीस-पंचवीस वर्षं काढली होती. शेठच्या सॉफ्टवेअरचं वय अजून कमी आहे.

राहता राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न, की तो पैसे देत नाही. देईल, कारण आता त्याच्याच गळ्याशी येणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि जबाबदारी धरली जाते ती माहिती ज्याने आपल्या कामासाठी घेतली त्याची. काम दुसऱ्या कंपनीकडे दिलं होतं ही सबब तिथे चालत नाही. गोदामाच्या गेटवर ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो, मोबाइल नंबर, ऑनलाइन ऑर्डर देणाऱ्यांचे पत्ते हे सगळं घेतलं जातं. त्याखेरीज सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ल्याची खबर कळल्यापासून सहा तासांत द्यावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. शेठच्या सर्व्हरवर नोंदी किती दिवस राहतात ते शेठना विचारा. डिस्क भरली की पुसतात, हे उत्तर मी ऐकलेलं आहे.

म्हणून शेवटचे चार शब्द शेठसाठी नाहीत, गोदामवाल्यांसाठी आहेत. सॉफ्टवेअरचा पुढचा करार करताना भाव पाडायच्या आधी समोरच्याला विचारा, की हा कोड लिहिणाऱ्याशिवाय आणखी कोणी वाचला आहे? सोडून गेलेल्या मुलांचे लॉगिन कोणत्या दिवशी बंद केले, ते दाखवा. बॅकअपमधून सगळं परत उभं करून शेवटचं कधी पाहिलं? उत्तरं लेखी घ्या आणि जो ती देईल त्याला दोन पैसे जास्त द्या. जो ‘आधी चालू करू, मग बघू’ म्हणेल त्याच्या हाती तुमच्या गोदामाची किल्ली देऊ नका.